‘पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणजे नेमकं काय?

पुण्यातली एक जुनी मायक्रोब्रुअरी, शनिवारची संध्याकाळ. टेबलाभोवती आपल्याकडचे पाच जण: दोघं कर्जतचे, एक राशीनचा, एक मिरजगावचा आणि एक नगरचा. (अहिल्यानगर म्हणायचं, कळतंय, पण जीभ अजून वळत नाही.) आणि हो, कर्जत म्हणजे लोकलवालं नव्हे. पुण्यात प्रत्येकाला हे सांगता सांगता आमची अर्धी डिग्री झाली. सगळे एकवीस पार, सगळे नोकरीला लागलेले. मी सहावी. घरी हे पान वाचलं जाणार आहे, म्हणून आधीच सांगते, माझ्या पुढ्यात लिंबू-सोडा होता.

चौघांनी एकच बिअर मागवली, हेफेवायझेन. गव्हाची, जरा ढगाळ दिसणारी जर्मन पद्धतीची बिअर. आणि पहिल्या घोटालाच भांडण लागलं. एक म्हणाला, गेली यांची चव, दोन वर्षांपूर्वी काय असायची! दुसरा म्हणाला, उलट आता सुधारलीय. तिसऱ्याला मागच्या खेपेस केळ्याचा वास यायचा, आज लवंगेसारखं काहीतरी लागत होतं. चौथ्याला सगळं सारखंच, त्याचं लक्ष शेंगदाण्यांवर.

राशीनचा मात्र ग्लास नाकाशी धरून गप्प. तो मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालाय आणि दुसऱ्या एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये काम करतो. बराच वेळ हुंगून म्हणाला, “बिअर ठीक आहे. पाइप धुतलेले नाहीत.”

मला हा लेख तिथे सापडला. कारण ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ हे वाक्य तुम्ही-आम्ही रोज ऐकतो. मिसळीबद्दल, कॉलेजसमोरच्या चहाबद्दल, आपल्या शिपी आमटीबद्दल. एकाच हाताची आमटी, पण लग्नातली वेगळी, ढाब्यावरची वेगळी, आणि मामींची ती मामींचीच. तिथे आपण तक्रार करत नाही, हात बदलला म्हणतो. मग बिअरच्या ग्लासात आपण इतके कडक परीक्षक का होतो? आणि आपलं मत कितपत खरं असतं?

थोडा इतिहास लागेल. भारतातली पहिली क्राफ्ट ब्रुअरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती ‘डूलाली’ २००९ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे दोघे तिचे संस्थापक आणि ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रूमास्टर. नावाची गंमत बघा. इंग्रजीतला हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहायचे आणि उकाड्याने, कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. पुढे ही ब्रुअरी मुंबईत पसरली, पुण्यात ‘इंडिपेंडन्स’सारखी नावं आली, आणि आज पुण्यात क्राफ्ट बिअर ही नवलाई उरलेली नाही. म्हणजे आपल्याकडे आता ‘जुनी क्राफ्ट ब्रुअरी’ नावाची गोष्ट तयार झालीय. नवी असताना लोक चुका माफ करतात. दहा-पंधरा वर्षं झाली की प्रत्येक ग्लासाची तुलना आठवणीतल्या ग्लासाशी होते, आणि आठवणीतला ग्लास नेहमी भरलेलाच असतो.

आता त्या केळ्या-लवंगेकडे येऊ, कारण तक्रार करणारा चुकीचा नव्हता. हेफेवायझेनमध्ये केळं घालत नाहीत, लवंगही घालत नाहीत. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याचा वास देणाऱ्या घटकाचं नाव आयसोअमाइल असिटेट. पिकलेल्या केळ्यात असतो तोच. लवंगेचा वास दुसऱ्या एका फिनॉलमुळे येतो. यीस्ट जास्त तापमानात आंबवलं की केळं वर येतं, थंड ठेवलं की लवंग पुढे सरकते. दोन-तीन अंशांचा फरक झाला तरी नाकाला कळतो. यीस्ट पुन्हा पुन्हा वापरलं जातं. एका टाकीतून काढून दुसरीत, असं अनेक पिढ्या चालतं, आणि पिढीगणिक ते जरा जरा बदलत जातं. तुमच्या आज्जीचं विरजण आठवा. तसंच, फक्त इथे हिशेब ठेवावा लागतो.

मग माल्ट. म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवलेली सातू. आपल्याकडे सातू राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात पिकते, पण क्राफ्टवाले बरंच खास माल्ट जर्मनी, बेल्जियमहून मागवतात. हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडी पिकली, बाकी परदेशातूनच. कंटेनर उशिरा आला, रुपया घसरला, हॉप्सचं पीक त्या वर्षी वेगळं आलं, की मुंढव्यातल्या ग्लासात फरक. बाटलीबंद मोठी कंपनी अनेक टाक्यांतली बिअर मिसळून, गाळून, पाश्चराइझ करून फरक पुसून टाकते. मायक्रोब्रुअरीकडे टाक्या मोजक्या आणि बिअर जिवंत, न गाळलेली. तिचं कौतुक आणि तिची अडचण, दोन्हीचं कारण हेच.

आणि मग राशीनकरचे पाइप. बिअर टाकीतून नळापर्यंत ज्या नळीतून येते, ती साधारण दोन आठवड्यांनी रसायनाने धुवायची असते. नाही धुतली तर आत जिवाणूंचा थर बसतो आणि उत्तम बिअरही आंबट, किंवा लोण्यासारखी लागते. म्हणजे बनवणाऱ्याने सगळं बरोबर केलं, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये कुणीतरी आळस केला. पिणारा मात्र शिव्या ब्रुअरला देतो.

इथे मला आपल्या स्टॅटिस्टिक्सच्या मुलांना हाक मारायचीय. तुम्ही जी ‘स्टुडन्ट्स टी-टेस्ट’ घोकता ना, ती कुठल्या विद्यार्थ्याने शोधलेली नाही. विल्यम गॉसेट हा गिनेस ब्रुअरीचा माणूस. बिअर एकसारखी व्हावी म्हणून सातू आणि हॉप्स तपासायचे, पण नमुने मूठभर, मग त्यावरून निष्कर्ष किती भरवशाचा? या प्रश्नातून १९०८ मध्ये तो पेपर आला. कंपनी नावाने छापू देत नव्हती, म्हणून टोपणनाव ‘स्टुडन्ट’. केमिस्ट्रीवाल्यांनीही खूश व्हायला हरकत नाही. पीएच मोजण्याची पद्धत १९०९ मध्ये सोरेनसेनने मांडली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये. त्याआधी १८८३ मध्ये तिथेच हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, कारण रानटी यीस्ट शिरून बिअर खराब होत होती. बिअर रोज तीच का लागत नाही, या वैतागातून निम्मी प्रॅक्टिकल जर्नल्स भरली आहेत आपली. टी-टेस्ट शिकवताना हे कुणी का सांगत नाही, देव जाणे.

पिणाऱ्यांच्या मताची ताकद बघायची असेल तर अमेरिकेतल्या श्लिट्झचं उदाहरण घ्या. एके काळी तिथल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपन्यांपैकी एक. सत्तरच्या दशकात खर्च वाचवायला त्यांनी आंबवण्याचा वेळ कमी केला, स्वस्त घटक आणले. प्रत्येक बदल इतका लहान, की चव घेणाऱ्यांना वेगळा कळू नये. पण सगळे बदल एकत्र झाले, १९७६ मध्ये बाटल्यांत पांढरे कण तरंगायला लागले, लाखो बाटल्या परत घ्याव्या लागल्या, आणि १९८२ मध्ये कंपनी विकली गेली. उलट सिएरा नेव्हाडा. १९८० च्या सुमाराला केन ग्रॉसमनने आपल्या पेल एलच्या पहिल्या दहाएक बॅचेस गटारात ओतल्या, कारण दोन बॅचेस एकसारख्या लागत नव्हत्या. ब्रुअर लोक ही गोष्ट फार अभिमानाने सांगतात. मीही लिहिताना सुरुवातीला हिला लेखाचा हिरो करणार होते.

पण राशीनकरशी बोलले आणि अडखळले.

परतीच्या एसटीत, स्वारगेट ते भिगवणपर्यंत, तो तेच बोलत होता. त्याच्या ब्रुअरीत मागच्या महिन्यात हजार लिटरची एक टाकी वासाला नापास झाली. लोण्यासारखा वास, डायअसिटिल. बहुतेक गिऱ्हाइकांना कळलाही नसता. त्यानेच रिपोर्ट लिहिला, त्याच्याच सहीने बॅच ओतली गेली. नियमाने बरोबर. पण तो रात्रभर झोपला नाही, कारण तो हिशेब करत होता. एक लिटर बिअरमागे मोठ्या कारखान्यात तीन-चार लिटर पाणी लागतं, लहान ब्रुअरीत धुण्या-थंड करण्यासकट पाच-सहा सहज. म्हणजे हजार लिटर ओतले तर सहा हजार लिटर पाणी गेलं. अर्धा टँकर. हंड्यांत मोजायचं तर चारशे हंडे. त्याच्या आईच्या खांद्याला आजही त्याच टँकरच्या रांगेत धरलेल्या हंड्याचा वळ आहे.

तुम्हाला २०१९ चा उन्हाळा आठवत असेल. चारा छावण्या, पाण्याचे टँकर, कुकडीचं आवर्तन कधी सुटणार याची रोज चर्चा. आपण कालव्याच्या शेपटाकडचे लोक. पाणी येतं ते वरच्यांचं भागून उरलं तर. आणि २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेत होते त्याच दिवसांत, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला सांगितली होती. तेव्हा बिअर की माणसं असा सरळ वाद झाला. पाणी त्याच धरणाचं, जायकवाडीचं.

तर आता सांगा, ‘चव जराही बदलता कामा नये’ हा आपला हट्ट कितपत धरायचा? खराब बिअर विकावी असं मी म्हणत नाही. आंबलेली, पाइपचा वास मारणारी, आरोग्याला वाईट, ती ओतलीच पाहिजे. पण केळं जरा कमी, लवंग जरा जास्त, एवढ्यासाठी टाकी ओतायची आणि वर तिला ‘क्वालिटी’ म्हणायचं, हे मला झेपत नाही. दोष वेगळा आणि फरक वेगळा. आपल्याकडच्या पिणाऱ्यांची गोची अशी, की दोन्हीला ते एकच शब्द वापरतात: ‘बिघडली’.

राशीनकर माझ्याशी पूर्ण सहमत नाही. त्याचं म्हणणं, फरक चालवून घ्यायला लागलो की हळूहळू दोषही फरकाच्या नावाखाली खपवतात. श्लिट्झचं तेच झालं ना, त्याने मलाच माझं उदाहरण परत दिलं. खरं आहे. त्याच्या मते उत्तर ओतण्यात नाही, आधी पकडण्यात आहे. आंबवण्याच्या तिसऱ्या दिवशी तापमान बघितलं असतं, यीस्ट आठव्या पिढीला बदललं असतं, तर हजार लिटर वाचले असते. म्हणजे लॅबमधला एक पोरगा आणि एक थर्मामीटर. पण खर्च कापायची वेळ आली की सगळ्यात आधी लॅबचाच माणूस जातो.

आणि खर्चाची वेळ आलेलीच आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. बिअर आणि वाइन त्यातून वगळली. पण बारमध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट आधीच पाचवरून दहा टक्के झालेला, परवाना शुल्कही वाढलेलं. त्यावरून १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. आणखी मागे गेलात तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने समिती नेमली होती, बिअरची विक्री घटतेय, शुल्क कमी करावं का, हे बघायला. तेव्हा सोशल मीडियावर सरकारची यथेच्छ थट्टा झाली. पण सरकारला बिअरची काळजी चवीसाठी नाही, महसुलासाठी आहे, एवढं लक्षात ठेवलं की बातम्या नीट वाचता येतात. भाडं, वीज, कर वाढतात, ग्लासाची किंमत एका मर्यादेपुढे वाढवता येत नाही. मग कुठे कात्री लागते? माल्टला, पाइप धुण्याच्या रसायनाला, आणि राशीनकरच्या पगाराला. जुन्या ब्रुअरीची चव ‘गेली’ असं जेव्हा बरेच लोक एकदम म्हणायला लागतात, तेव्हा मी आधी स्वयंपाकघराकडे न बघता हिशेबाच्या वहीकडे बघेन.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, नाहीतर संपादक कापतील. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५, आणि प्यायला परवाना लागतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेल्यावर पबवाल्यांवर छापे पडले, ओळखपत्रं तपासायला लागले. तेव्हा एफ.वाय.वाल्यांनो, हा लेख वाचून ‘आम्हाला पण केळं-लवंग कळून घ्यायचंय’ असा मेसेज करू नका. प्लीज.

कळून घ्यायचंच असेल तर बिनबिअरचा उपाय आहे. ब्रुअरीत ‘ट्रायँगल टेस्ट’ करतात. तीन ग्लास, दोन एकाच बॅचचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखा. डोळे बांधून किंवा रंगीत ग्लासात. ज्याला ओळखता येत नाही त्याने ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणू नये, एवढा साधा नियम.

गेल्या आठवड्यात मी सुट्टीला घरी आले होते. कॉलेजच्या कट्ट्यावर सहा जण पकडले, सगळे आपापल्या चहावाल्याचे कट्टर भक्त. समोरासमोरच्या दोन टपऱ्यांचा चहा आणला. एक बोअरच्या पाण्याचा, एक फिल्टरच्या. कागदी कप, प्रत्येकाला तीन, दोन एका टपरीचे. चहा सुरू व्हायच्या आधी सहाही जण म्हणत होते, डोळे झाकून सांगतो. दोघांनी बरोबर ओळखला. सहात दोघं, म्हणजे तीनातला एक, म्हणजे नुसता अंदाज ठोकला असता तरी इतकेच बरोबर आले असते. गॉसेटच्या भाषेत सहा म्हणजे काही नमुना नव्हे, मान्य. पण कट्ट्यावर जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती. मग त्यातला एक म्हणाला, आज दुधच वेगळं होतं.

फोटो राशीनकरला पाठवला. त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. नवीन बॅच टाकलीय, तापमान एकोणीसवर धरलंय, दर सहा तासांनी बघतोय. आणि खाली एक ओळ: आईला सांगू नकोस ते चारशे हंड्यांचं.